जुन्या गाडीला टर्बो बसवायचा म्हणजे काय?

आपल्या गटांच्या मासिक बैठकीत हल्ली गाडीसाठीचे कर्ज-अर्ज वरचेवर येतात. कुणाच्या घरची जुनी मारुती ओमनी दूध नेते, कुणाची भाजी बाजारात पोचवते. गाडीचं वय झालं की ती घाटात दम टाकते. मग कुणीतरी सुचवतं, ‘टर्बो बसवून घ्या, गाडी पळेल.’ अर्जावर सही आपल्याला करायची असते आणि हप्ते त्याच घरातल्या बाईला फेडायचे असतात. म्हणून टर्बो काय करतो, हे आज आपण समजून घेऊ.

आधी इंजिन पाहू. चूल पेटायला लाकूड लागतं तशी हवाही लागते. इंजिनचंही तसंच आहे. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १५ भाग हवा लागते. ओमनीचं इंजिन ७९६ सीसीचं. म्हणजे दोन फेऱ्यांत ते फार तर पाऊण लिटरहून थोडी जास्त हवा ओढतं. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल जळणार आणि तेवढीच ताकद मिळणार.

हवेत पेट्रोल मिसळण्याचं काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. त्याचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक तुषार होऊन वर ओढलं जातं. फवाऱ्याच्या बाटलीसारखंच. त्यात संगणक नाही, काही मोजणारं यंत्र नाही. सगळं काम हवेच्या ओढीवर चालतं.

आता टर्बो. चुलीला आपण फुंकणीने हवा देतो, तशी टर्बो इंजिनला हवा देतो. एका दांड्यावर दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. वाया जाणाऱ्या धुरातून काम काढून घेण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. तिचं पेटंट १९०५ सालचं आहे.

तुम्ही म्हणाल, ट्रकवर तर ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, मग आपल्या गाडीला का नको? ट्रक डिझेलचे असतात. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते आणि डिझेल शेवटी फवारलं जातं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल हवेबरोबरच आत येतं. दाब आणि उष्णता फार वाढली तर पेट्रोलचा काही भाग वेळेआधी आपोआप भडकतो. इंजिन खडखडतं. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं किंवा हेड गॅसकेट उडतं.

टर्बो बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत कार्बोरेटर टर्बोच्या आधी राहतो. त्याचं काम नेहमीसारखं चालतं, पण पेट्रोलचे तुषार टर्बोतून आणि लांब नळीतून जातात. वाटेत नळीच्या भिंतीला पेट्रोल चिकटतं. दाबलेली हवा थंड करणारी जाळी मध्ये बसवता येत नाही, कारण तिच्यात पेट्रोल साठेल. शिवाय टर्बोचं सील खास लागतं, नाहीतर ऑइल आत ओढलं जातं.

दुसऱ्या पद्धतीत टर्बो आधी आणि कार्बोरेटर नंतर. इथे दाबाची हवा कार्बोरेटरवर येते. मग खालच्या पेट्रोलच्या वाटीलाही तेवढाच दाब द्यावा लागतो, नाहीतर पेट्रोल वर चढणारच नाही. जुन्या इंजिनच्या पेट्रोल पंपाला जोर बेताचाच असतो. टर्बोचा दाब त्याच्याइतका झाला की पेट्रोल यायचं थांबतं, तेही चढावर, जेव्हा ते सर्वांत जास्त हवं असतं. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की पिस्टन वितळू शकतो. म्हणून पंप आणि दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह, दोन्ही बदलावे लागतात.

एवढ्यावर संपत नाही. ठिणगी पडण्याची वेळ बदलावी लागते. कुकरची शिट्टी जास्तीची वाफ सोडते, तसा जास्तीचा धूर बाजूने सोडणारा व्हॉल्व्ह लागतो. टर्बोला इंजिनमधून ऑइलची वेगळी नळी द्यावी लागते. रेडिएटर, क्लच आणि ब्रेक हेही वाढलेल्या ताकदीला पुरे पडायला हवेत. म्हणजे टर्बोची किंमत हा एकूण खर्चाचा फक्त एक तुकडा असतो.

हे मोठ्या कंपनीलाही सोपं गेलं नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही कार्बोरेटर आणि टर्बो असलेली गाडी काढली. नॉकिंग टाळायला तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची टाकी मालकाने भरत राहायची होती. अनेकांनी भरली नाही. टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोचा जोर आपोआप कमी करी. लोक तक्रारी घेऊन आले. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली आणि पुढे कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. कारखान्यात जुळवलेली गाडी असूनही रोजची देखभाल झाली नाही, म्हणून टर्बो टिकला नाही.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी परस्पर बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावरही वाद उभा राहू शकतो.

मग घाटात दम टाकणाऱ्या गाडीचं काय करायचं? आधी तिची स्वतःची गेलेली ताकद परत आणायची. एअर फिल्टर बदला. प्लग तपासा. कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या. व्हॉल्व्हची सेटिंग करून घ्या. क्लच प्लेट घसरते का, ब्रेक चिकटून राहतात का, ते बघा. मग सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा. एखाद्यात ते फार कमी भरलं, तर रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्ह गळतोय किंवा गॅसकेट गेलंय. अशा इंजिनावर टर्बो बसवणं म्हणजे फाटक्या पोत्यात जास्त धान्य भरणं.

तरीही टर्बोसाठी अर्ज आला, तर बैठकीत चार गोष्टी विचारा. कॉम्प्रेशन मोजलं का? पंप, क्लच, ब्रेक धरून पूर्ण खर्चाचं लेखी अंदाजपत्रक आहे का? आरटीओची लेखी परवानगी मिळणार का? आणि इंजिन बसलं तर गाडी उभी असताना हप्ता कशातून जाणार? अर्ज करणाऱ्या ताईला हे प्रश्न आपुलकीने विचारा. उत्तरं मिळाली की इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच सही करा.