पोटानं पळा, पाय सैल सोडा

ऑगस्टमध्ये ठाण्याची वर्षा मॅरेथॉन होते आणि पुढचे काही आठवडे माझ्या डोंबिवलीतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गुडघे, पोटऱ्या आणि टाचा यांचीच चर्चा असते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारीही याच सुमारास जोर धरते, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला बरं होण्याची घाई असते. पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, शूज बदलू का?” झिजले असतील तर जरूर बदला. पण त्याआधी मी त्यांना इमारतीसमोर जरा पळायला लावते आणि बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ घेते. स्लो मोशनमध्ये बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं, टाच आधी आपटते आणि त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असतो. म्हणजे माणूस प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लावतो आणि मग स्वतःला पुन्हा पुढे ढकलतो. पळताना जमिनीकडून येणारा जोर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. तासाभरात हे हजारो वेळा घडतं आणि ते सगळं गुडघ्याला सोसावं लागतं.

यावर मला ताई चीचा फार उपयोग झाला आहे. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ही युद्धकला वाढली आणि 2020 मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे ती बागेत संथपणे हात फिरवायचा ज्येष्ठांचा व्यायाम म्हणूनच माहीत आहे. अमेरिकेतला डॅनी ड्रायर हा लांब पल्ल्याच्या शर्यती पळणारा धावपटू. चिनी गुरूंकडे ताई ची शिकताना त्यानं तिची तत्त्वं आपल्या पळण्याला लावली आणि 2004 मध्ये ‘ची रनिंग’ हे पुस्तक लिहिलं. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तीही त्याच वर्षी.

ताई चीमध्ये एक जुनी कल्पना आहे: कापसात लपलेली सुई. सुई म्हणजे डोक्यापासून ओटीपोटापर्यंत सरळ राहिलेला कणा आणि कापूस म्हणजे खांदे, हात, मांड्या, पोटऱ्या. मधला भाग घट्ट, बाकी सगळं सैल. बेंबीच्या खाली दोन-तीन बोटांवर ‘दानत्येन’ नावाची जागा मानतात आणि प्रत्येक हालचाल तिथून सुरू करायची असते. आपले नवे धावपटू नेमकं उलटं करतात. पोट ढिलं, कंबर मागे गेलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि पायांकडून मात्र सगळी मेहनत.

हे शिकायला मैदान लागत नाही. डोंबिवली-कल्याणचा माणूस रोज लोकलमध्ये उभा असतो, ती उत्तम शाळा आहे. गर्दीत हात कडीला असू द्या, पण तिला लोंबकळू नका. दोन्ही पावलांवर सारखं वजन घ्या, गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल सोडा, ओटीपोट हलकेच आत घ्या आणि डोकं वरून कुणी दोरीनं धरल्यासारखं उंच ठेवा. गाडी झोल घेते तेव्हा पायांनी झगडायचं नाही, कमरेनं झेलायचं. ठाण्यापर्यंत एवढं केलं तरी पोट कुठे असतं ते शरीराला कळू लागतं.

दुसरा धडा चालण्याचा. ताई चीत पाऊल आधी रिकामं टेकवतात आणि मग सावकाश त्यावर वजन आणतात. भरलेला पाय कोणता आणि रिकामा कोणता, हे सतत माहीत असावं लागतं. घरात अनवाणी, पाच-दहा मिनिटं, अगदी संथ चालून बघा. पळताना एवढा वेळ मिळत नाही, म्हणून पाऊल थेट कमरेखालीच पडू द्यायचं. त्यासाठी ड्रायर शरीर घोट्यापासून जरासं पुढे झुकवायला सांगतो. लक्षात घ्या, कमरेतून वाकायचं नाही. गुरुत्वाकर्षण आपल्याला पुढे ओढून नेतं, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही, सपाट रस्त्यावर कुणी फुकट ढकलत नाही. पण त्या कलानं पाऊल पुढे फेकायची सवय जाते, आणि माझ्या दृष्टीनं तेवढं पुरेसं आहे.

पावलं छोटी आणि भरभर घ्या. ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की वेग तोच ठेवून पावलांची गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघा आणि खुबा यांच्यावरचा ताण कमी होतो. मिनिटाला 180 पावलं हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो प्रत्येकाला लागू नाही. आज मिनिटाला 156 होत असतील तर 164 करून पाहा. मोबाइलवर मेट्रोनोम लावला की काम सोपं होतं.

याची खरी परीक्षा ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर होते. उपवनकडून वर चढताना दम लागतो, पण दुखापत होते ती उतरताना. सकाळची ती हिरवी वाट, पाय आपोआप लांब पडतात आणि मांड्या-गुडघे ब्रेक दाबत राहतात. उतारावर पावलं आणखी छोटी करा, मागे रेलू नका. पावसात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवरही हेच लागू पडतं, कारण टाच पुढे फेकणाऱ्याचाच पाय आधी घसरतो. ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर जिथे डांबर सलग मिळतं, तिथे मी नव्यांना आधी सरावायला सांगते.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती मी प्रत्येकाला सांगते. ताण नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. गॉस आणि ग्रॉस या अभ्यासकांनी 2013 मध्ये ची रनिंग करणाऱ्यांची तुलना टाच आधी टेकवणाऱ्यांशी केली. गुडघ्याच्या स्नायूंवरचं काम आणि धक्क्याचा वेग कमी आढळला, पण घोट्याकडचं काम वाढलेलं दिसलं. म्हणजे पोटरी आणि टाचेमागची शीर यांना नवं ओझं. म्हणून सुरुवातीला रोजच्या पळण्यात मधूनमधून एकेक मिनिटच असं पळा आणि काही आठवडे घेऊन ते वाढवा. रविवारच्या लाँग रनला नवी ढब मुळीच आजमावू नका. सोबत जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाचा हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम ठेवा.

आणि नडगीच्या हाडावर बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचून दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर तंत्र सुधारत बसू नका. तो हाडाला तडा जात असल्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवसापासून पळणं बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जानेवारीची मॅरेथॉन हुकली तरी चालेल.