ठासणीच्या बंदुकीचा गज

१९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. त्यामुळे ही जुनी बंदूक अजून निव्वळ संग्रहालयाची वस्तू झालेली नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतली की वर गोळी ठासायची आणि बार झाल्यावर नळी पुसायची, ही कामं गजाची. तो कशाचा असावा?

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांना बहुधा लोखंडी गज असे. युरोपच्या फौजा मात्र बराच काळ लाकडावर भागवत होत्या. प्रशियाच्या सैन्यात लिओपोल्ड या सेनापतीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी गज आणला. घाईत ठासताना तो मोडत नसे, म्हणून १७४१च्या मोलविट्झच्या लढाईत प्रशियन पायदळाचे बार झपाट्याने सुटले.

लोखंडाचं वैर ओलीशी. जळलेल्या काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हे निभावेल. पाटण-जावळीच्या पावसाळ्यात तेलाचा हात न फिरलेला गज बघता बघता गंजतो. तिथे लाकडाचीही परीक्षाच. तेल न मुरवलेलं लाकूड फुगतं आणि गज खाचेत अडकून बसतो.

तरीही नळीला आतून पेच असतील तर मी लाकूडच घेईन. पोलादी गज घासून तोंडाजवळचे पेच झिजतात आणि नेम बिघडतो. गुळगुळीत नळीला ती भीती फारशी नाही. अमेरिकेत यासाठी हिकरी वापरतात; आपल्या सह्याद्रीत धामण आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि धनुष्याला चालणारं हे चिवट, लवचीक लाकूड. मात्र ते करवतीने कापलेलं नको, रेषेप्रमाणे फोडून काढलेलं हवं. रेष तिरकी गेली की गज तिथेच तुटतो आणि अणकुचीदार तुकडा ठासणाऱ्याच्या तळहातात घुसतो. धातूच हवा असेल तर पितळ बरं: पोलादापेक्षा मऊ, आणि लोखंडासारखं गंजत नाही.

धातू आणि लाकूड दोन्ही ओळखणारे हात मिरजेत होते. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं, तसे ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांच्या कामातली त्यांची जाण मात्र कुणी लिहून ठेवलेली दिसत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

गज कोणताही निवडा, त्यावर दोन खुणा कोरून घ्याव्यात: एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. बंदूक हातात घेताच गज आत सोडून बघावा. पहिली खूण तोंडाशी आली नाही, तर आत बार आहे.