दुधाचे वावडे आणि डब्याची निवड

वस्तू निवडणारा, तिचे मोल मोजणारा आणि तिचा उपभोग घेणारा ही एकच व्यक्ती असते असे गृहीत धरून अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडला जातो. तान्ह्या मुलांसाठी तयार होणाऱ्या विशेष दूधभुकटीच्या बाजारात हे गृहीतक टिकत नाही. येथे कोणता डबा घ्यावयाचा हे डॉक्टर ठरवितात, पैसे बाप मोजतो, पाजते आई, आणि ज्या बाळाच्या पोटात ते दूध जाते त्याला रडण्याखेरीज मत देण्याचे दुसरे साधन नसते. गाईच्या दुधातील प्रथिनांचे ज्या मुलांना वावडे असते, त्यांच्यासाठी मिळणारे डबे साध्या डब्याच्या कित्येक पट महाग असतात. अशा डब्याची चिठ्ठी हातात पडलेल्या कुटुंबाने नेमके काय विचारावयास हवे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहत नाही.

हा आजार खराखुरा आहे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. दुधातील केसिन किंवा निवळीतील प्रथिने काही मुलांचे शरीर शत्रू समजते व त्यांच्याविरुद्ध उठाव करते. हा उठाव दोन प्रकारचा असतो. एकात दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. दुसऱ्यात परिणाम काही तासांनी किंवा काही दिवसांनी दिसतो. शौचात रक्त पडते, जुलाब लांबतात, वजन वाढत नाही. पहिल्या प्रकाराचा माग त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीने काढता येतो. दुसऱ्या प्रकारासाठी विश्वासार्ह रक्तचाचणी उपलब्ध नाही. दूध पूर्णपणे बंद करून पाहावयाचे आणि मग पुन्हा देऊन पाहावयाचे, हीच त्याची कसोटी.

हा आजार किती मुलांना होतो? युरोपातील नऊ देशांत बारा हजारांहून अधिक मुलांची जन्मापासून पाहणी करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत दोन वर्षांच्या आतील सुमारे अर्धा टक्का मुलांमध्येच तो कसोटीने सिद्ध झाला. याउलट रडणे, दूध बाहेर टाकणे, अंगावर पुरळ येणे या तक्रारी घरोघरच्या बाळांत आढळतात. या दोन आकड्यांमधील अंतर केवढे मोठे आहे, हे वेगळे सांगावयास नको. महाग डब्याच्या विक्रीला वाव मिळतो तो या अंतरात.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर जो निबंध लिहिला, त्यात रोगी व डॉक्टर यांच्या ज्ञानातील विषमतेवर बोट ठेवले होते. दहा वर्षांनी डार्बी आणि कार्नी या दोघांनी त्यापुढचे पाऊल टाकले. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्यापूर्वी तर कळत नाहीच, पण वापरून झाल्यावरही कळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. केवळ विश्वासावर खपणाऱ्या या वस्तूंत विशेष दूधभुकटीचा समावेश सहज करता येईल. बाळाचे कारणावाचून रडणे साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. दूध बाहेर टाकण्याची सवयही बहुतेकांच्या बाबतीत वर्षाच्या आत जाते. आता आठव्या आठवड्यात डबा बदलला आणि बाराव्या आठवड्यात रडणे थांबले, तर श्रेय कोणाला जाणार? अर्थातच डब्याला. आईला गुण आलेला दिसतो, डॉक्टरांना आपले निदान खरे ठरल्यासारखे वाटते आणि कारखान्याला पुढील वर्षभराचे गिऱ्हाईक मिळते. यात कोणी लबाडी केलेली असते असेही नाही.

या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच, आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. दूध बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत तक्रारी कमी झाल्या, तर ते पुन्हा सुरू करून तक्रारी परततात का हे पाहावयाचे. परतल्या तर निदान पक्के. न परतल्या तर महाग डबा त्याच दिवशी बंद. तीव्र स्वरूपाची किंवा तत्काळ उठणारी प्रतिक्रिया असेल तेथे ही कसोटी रुग्णालयातच व्हावयास हवी, घरी मुळीच नव्हे. परंतु सौम्य व उशिरा उमटणाऱ्या तक्रारींतही ही दुसरी पायरी गाळली जाते, कारण शांत झालेल्या बाळाला पुन्हा रडविण्याचे धाडस कोणती आई करणार? तिची ही माया स्वाभाविक आहे. पण या एका गाळलेल्या पायरीची किंमत कुटुंबाला महिनोन्महिने मोजावी लागते.

ही किंमत समाजाच्या पातळीवर कशी वाढते याचा दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत या विशेष दुधांच्या चिठ्ठ्या २००६ साली १,०५,०२९ होत्या. २०१६ साली त्या ६ लाखांवर गेल्या. खर्च ८१ लाख पौंडांवरून ६ कोटी पौंडांपलीकडे पोचला. भागाकार केला तर दर चिठ्ठीमागील खर्चही सुमारे ७७ पौंडांवरून १०० पौंडांच्या आसपास गेलेला दिसतो, म्हणजे चिठ्ठ्याही वाढल्या आणि चिठ्ठीही महागली. या दहा वर्षांत आजार मात्र त्या प्रमाणात वाढल्याचा पुरावा नव्हता. डॉ. ख्रिस व्हॅन टुलेकेन यांनी २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे आकडे मांडले आणि निदानाची मार्गदर्शक सूत्रे लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे दूधभुकटीच्या कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध उजेडात आणले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बालरोगविषयक नियतकालिकात २०२० साली अशा नऊ मार्गदर्शक सूत्रांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत ८१ टक्के लेखकांनी असे संबंध स्वतःच जाहीर केलेले आढळले. ज्याने डबा विकावयाचा त्याच्याच साह्याने रोगाची व्याख्या ठरू लागली, तर व्याख्या कोणत्या दिशेने सैल होत जाईल हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच तपासणीत आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आई स्वतः दूध पीत असली तरी तिच्या अंगावरच्या दुधात गाईच्या प्रथिनांचा जो अंश उतरतो, तो या आजाराच्या बहुसंख्य मुलांना त्रास होण्याइतका नसतो. म्हणजे अंगावर पिणाऱ्या बाळाला वावड्याची शंका आली म्हणून त्याला आईपासून तोडून डब्यावर नेणे हा उपाय बहुधा चुकीचाच ठरतो. फार तर काही आठवडे आईने दूध, दही, ताक, पनीर वर्ज्य करून पाहावे, त्या काळात तिला कॅल्शियम पुरवावे, आणि फरक पडला नाही तर तिचा आहार पूर्ववत करावा. आपल्याकडे बाळंतिणीच्या पथ्याची यादी आधीच लांब असते. ती कारणावाचून आणखी लांबवू नये.

आता ज्यांना वरचे दूध द्यावेच लागते आणि ज्यांचे वावडे सिद्ध झाले आहे, त्यांच्या निवडीकडे वळू. येथे सर्वाधिक पैसे वाया जातात ते नावांच्या गोंधळामुळे. ‘लॅक्टोज-विरहित’ असे लिहिलेल्या डब्यात केवळ दुधातील साखर काढलेली असते, गाईची प्रथिने जशीच्या तशी असतात. दुधातील साखर न पचणे आणि दुधातील प्रथिनांचे वावडे असणे हे दोन वेगळे विकार आहेत. जुलाबांनंतर काही काळ साखर पचत नाही हे खरे, पण वावड्याच्या मुलाला हा डबा देणे म्हणजे विंचवाचे औषध सापाला लावणे होय. ‘एचए’ अशी अक्षरे मिरविणाऱ्या डब्यांतील प्रथिनांचे तुकडे अर्धवटच केलेले असतात. सिद्ध झालेल्या वावड्यावर तो उपचार नव्हे. शेळीचे दूध हलके, म्हणून ते चालेल, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. गांधीजी शेळीचे दूध घेत हे खरे, पण त्यामागचे कारण व्रताचे होते, पचनाचे नव्हे. गाईच्या दुधाचे वावडे असलेल्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीचे दूधही बाधते, कारण दोन्हींतील प्रथिने फारच सारखी असतात. म्हशीच्या दुधाचीही तीच कथा. बदामाचे किंवा ओटचे पांढरे पाणी तर बाळाचे अन्नच नव्हे.

खरी निवड उरते ती तीन प्रकारांत. पहिला, ज्यात दुधाच्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात. या जातीचे पहिले दूध, न्यूट्रामिजेन, अमेरिकेत १९४२ साली बाजारात आले, म्हणजे ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. वावडे असलेल्या मुलांपैकी किमान ९० टक्क्यांना सोसेल, अशी कसोटी या जातीला लावली जाते, आणि सौम्य व मध्यम आजारात पहिली निवड तिचीच. दुसरा प्रकार अमिनो आम्लांपासून बनविलेला. त्यात दुधाचे प्रथिन मुळातच नसते. तो सर्वांत महाग, आणि त्याची गरज जिवावर बेतणारी प्रतिक्रिया, खुंटलेली वाढ किंवा पहिल्या प्रकाराने न आलेला गुण एवढ्याच प्रसंगी पडते. ‘सर्वांत महाग ते सर्वांत सुरक्षित, मग तेच का नको’ हा युक्तिवाद कानाला गोड वाटतो, पण ब्रिटनचा खर्च फुगण्यात या वृत्तीचाही वाटा असणार. तिसरा प्रकार सोयाबीनचा. तो तुलनेने स्वस्त व चवीला बरा. परंतु युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांची संघटना तो सहा महिन्यांच्या आत देऊ नये असे सांगते, आणि वावड्याच्या काही मुलांना सोयाही सोसत नाही. सहा महिने उलटलेल्या मुलासाठी मध्यम उत्पन्नाच्या घरात मात्र त्याचा विचार डॉक्टरांशी बोलून अवश्य व्हावा.

एक व्यावहारिक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून येथे नोंदविणे बरे. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले दूध कडवट लागते, त्याला उग्र वास येतो, आणि ते पिणाऱ्या बाळाची शी हिरवट होते. हे माहीत नसलेले पालक घाबरून आठवड्याला डबा बदलतात आणि मग कशाने काय झाले याचा हिशेब कोणालाच लागत नाही.

हिशेबाचाच विषय निघाला आहे तर तोही मांडावा. पाच किलो वजनाच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम भुकटी. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात-आठ डबे. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला आठाने गुणले की लिपिकाच्या किंवा शिक्षकाच्या पगारातून काय उरते ते ज्याचे त्याने पाहावे. धोका येथेच असतो. डबा पुरवून वापरण्यासाठी त्यात पाणी जास्त घालण्याचा मोह होतो, आणि पातळ दुधावर बाळ वाळत जाते. गरीब देशांतील माता साध्या भुकटीबाबत हेच करीत होत्या. १९७४ सालच्या ‘द बेबी किलर’ या पुस्तिकेने त्यावर ओरड केली, १९७७ साली नेस्ले कंपनीवरील बहिष्कार सुरू झाला आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विक्रीची आचारसंहिता संमत केली. तिच्या विरोधात एकच मत पडले, ते अमेरिकेचे.

भारताने १९९२ साली त्या संहितेला कायद्याचे रूप दिले आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दूधभुकटीची जाहिरात, डब्यावर बाळाचे चित्र, डॉक्टरांना भेटी, त्यांच्या परिषदांना कंपन्यांचा पैसा या साऱ्यांना त्यात बंदी आहे. कायदा चांगला आहे. पण जाहिरात बंद झाली की विक्रीचा सारा भार चिठ्ठीवर येतो, आणि चिठ्ठीमागचे निदान कसे झाले, कसोटीची दुसरी पायरी घेतली की नाही, हे विचारणारी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये खर्च सरकार करीत असल्याने निदान आकडे तरी उघड झाले. येथे खर्च घरोघरच्या पिशवीतून होतो, त्यामुळे त्याची कोठेच बेरीज होत नाही.

या बाजाराची दुसरी, उलट बाजूही विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधील स्टर्जिस येथील ॲबट कंपनीचा कारखाना जंतुसंसर्गाच्या संशयावरून बंद पडला. मोजक्या कंपन्यांच्या हाती असलेला बाजार, एका राज्यात एकाच कंपनीला मिळणारे सरकारी कंत्राट आणि परदेशी मालावरील निर्बंध यांमुळे बघता बघता दुकाने रिकामी झाली. साध्या दुधावरील मुलांनी दुसऱ्या कंपनीचा डबा घेतला. अमिनो आम्लांच्या दुधावर जगणाऱ्या मुलांना तसा पर्याय नव्हता; काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. शेवटी मे महिन्यात लष्करी विमानाने युरोपातून विशेष दूध आणण्याची पाळी जगातील सर्वांत श्रीमंत देशावर आली. ज्यांना हे दूध खरोखर लागते त्यांच्यासाठी ते चैनीची वस्तू नसून औषध आहे, हे त्या तीन महिन्यांनी दाखविले. तालुक्याच्या गावी ज्याच्या मुलाला असे दूध लिहून दिले जाते, त्याला दर महिन्याला ही टंचाई थोड्याफार प्रमाणात भोगावी लागते.

म्हणून मागणी दुहेरी असावयास हवी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांत दूध पुन्हा देऊन पाहण्याची कसोटी नियमितपणे व्हावी, आणि तीत ज्या थोड्या मुलांचे वावडे पक्के ठरेल त्यांना हे दूध तेथूनच खरेदीच्या दराने, व ज्यांना तेही परवडत नाही त्यांना विनामूल्य मिळावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. अंगावर पाजू न शकणाऱ्या आणि भुकटी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मातेला ती देण्याची मुभा माता-बालकांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थांना १९९२ च्या कायद्यातच ठेवलेली आहे. अशा प्रत्येक मुलाच्या कागदावर पुढील तपासणीची तारीखही घातलेली असावी. कारण बहुतेकांचे हे वावडे काही वर्षांत आपोआप जाते, आणि ते गेले की नाही हे पाहिल्यावाचून कळत नाही.