भंगारातलं ब्रह्मांड

पडद्यावर यानं झेपावतात, गाड्यांची छतं उघडतात, इमारती कोसळतात. त्यामागे पुष्कळदा एक टेबल असतं आणि त्यावर गोंद, कानस, ब्रश असा पसारा. पण कारागिराचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे त्याची नजर! समोरच्या वस्तूत दुसरी कोणती वस्तू दडली आहे, हे ती नजर बरोबर हेरते. सिनेमातल्या छोट्या प्रतिकृती आणि हातानं नटवलेल्या खेळण्यातल्या गाड्या यांच्या या काही गमतीजमती.

काड्यापेटीत मावेल तेवढंच!
लंडनच्या ‘लेझ्नी’ कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत एक नियम होता: काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. मग 1952 च्या सुमारास बाबांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला. मैत्रिणींनाही तसाच हवा झाला आणि 1953 मध्ये ‘मॅचबॉक्स’ गाड्या बाजारात आल्या. शाळेच्या एका नियमातून जगभरच्या मुलांचे खिसे भरले.

कॅमेऱ्याच्या दुकानात सापडली तलवार
‘स्टार वॉर्स’ (1977) मधली ल्यूकची प्रकाशाची तलवार आठवते? तिची मूठ म्हणजे ‘ग्राफ्लेक्स’ या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाली. त्यांनी तिला रबरी पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगाची पट्टी बसवली आणि तलवार तयार! हान सोलोचं पिस्तूलही असंच जन्मलं. जर्मन बनावटीच्या खऱ्या ‘माउझर’ पिस्तुलावर दुर्बीण आणि सुटे भाग चढवले, झालं.

रणगाडे निघाले अंतराळात
त्याच चित्रपटाच्या यानांवर जे बारीक नक्षीकाम दिसतं, ते आलं दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिक मॉडेलच्या खोक्यांतून. रणगाडे, जहाजं, विमानं यांचे भाग सुटे करायचे आणि भलत्याच ठिकाणी चिकटवायचे, याला म्हणतात ‘किटबॅशिंग’. सुरुवातीला पडद्यावरून सरकत जाणारं, संपता न संपणारं ते अजस्र यान प्रत्यक्षात जेमतेम तीन फुटांचं होतं. आणि ते हललंच नाही! त्याच्या अंगाला जवळजवळ घासून फिरला तो कॅमेरा.

कॉफी दळा, भविष्यात चला
‘बॅक टू द फ्यूचर’ (1985) च्या शेवटी काळात प्रवास करणाऱ्या गाडीत कचरा टाकला की तिला ऊर्जा मिळते. कचरा गिळणारं ते भविष्यातलं यंत्र म्हणजे ‘क्रुप्स’ कंपनीचं कॉफी दळायचं यंत्र. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून उचललं आणि गाडीच्या मागे बसवलं.

चंदेरी गाडी झाली सोनेरी
जेम्स बाँडच्या ‘गोल्डफिंगर’ (1964) मधली ॲस्टन मार्टिन चंदेरी आहे. ‘कॉर्गी’ने 1965 मध्ये काढलेलं तिचं खेळणं मात्र सोनेरी, कारण चंदेरी गाडी रंग न दिलेल्या धातूसारखी दिसली असती. कळ दाबली की छत उघडायचं आणि शेजारी बसलेला माणूस थेट उडून बाहेर! पुढच्या बाजूला बंदुका, मागे गोळ्या अडवणारी ढाल. तळहातावर मावणाऱ्या गाडीत इतकी यंत्रं बसवणाऱ्यांना सलामच करावा.

बॅटमॅनचं गॅरेज
1966 च्या मालिकेतली बॅटमोबिल जॉर्ज बॅरिस यांनी शून्यापासून घडवली नाही. ‘लिंकन फ्युचुरा’ ही 1955 ची प्रदर्शनातली गाडी होती, तिचंच त्यांनी रूप पालटलं. पुढे ‘बॅटमॅन बिगिन्स’ (2005) साठी नवी गाडी हवी होती. तेव्हा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांच्या गॅरेजमध्ये कलादिग्दर्शक नेथन क्राउली मॉडेलचे तुकडे जोडत बसले. आधी टेबलावरचं मॉडेल जमलं, मगच रस्त्यावर धावणारी गाडी झाली.

वर्गमूळाची करामत
छोटी गाडी दरीत पडताना नुसती चित्रित केली, तर ती खेळण्यासारखीच टपकन पडते. उंची 16 पटींनी कमी झाली, की पडायला लागणारा वेळ चौपट कमी होतो. म्हणून 16 पट लहान मॉडेल असेल, तर 16 चं वर्गमूळ काढायचं: चार. सेकंदाला 24 ऐवजी 96 चित्रं टिपायची आणि नेहमीच्या वेगानं दाखवायची. लगेच त्या गाडीला वजन येतं! एका गोष्टीपुढे मात्र गणित हात टेकतं, ती म्हणजे पाणी. मॉडेल कितीही लहान करा, थेंब लहान होत नाही. म्हणून पाण्यातल्या दृश्यांची मॉडेलं शक्य तेवढी मोठी करतात.

यंत्रानं छापली, हातानं सजवली
‘स्कायफॉल’ (2012) मध्ये बाँडच्या गाडीचा स्फोट होतो, तेव्हा खरी दुर्मीळ गाडी सुखरूप होती. जर्मनीतल्या ‘व्हॉक्सेलजेट’ कंपनीनं एक तृतीयांश आकाराच्या तीन गाड्या थ्रीडी प्रिंटरवर छापल्या, प्रत्येकीचे 18 भाग. पुढची जोडणी, रंग आणि चकाकी ही कारागिरांच्या हातची. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (2014) मधलं गुलाबी हॉटेलही असंच हातचं काम आहे. सुमारे 14 फूट रुंद, आणि प्रमाण 1:18, म्हणजे शोकेसमधल्या मोठ्या डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्यांचंच.

गाडीचं खेळणं, खेळण्याची गाडी
‘मॅटेल’नं 1968 मध्ये ‘हॉट व्हील्स’च्या पहिल्या 16 गाड्या आणल्या. त्यांचे डिझायनर हॅरी ब्रॅडली मोटार उद्योगातून आलेले. स्वतः नटवलेल्या शेव्हरोलेवरूनच त्यांनी त्यातली एक गाडी घडवली. ती परंपरा आजही जिवंत आहे: 2018 पासून कंपनी हौशी लोकांनी हातानं घडवलेल्या खऱ्या गाड्यांची स्पर्धा घेते आणि विजेत्या गाडीचं खेळणं काढते.

कप्पा उघडा, कामाला लागा
बहुतेक छोट्या गाड्यांच्या तळाला एक-दोन रिव्हेट असतात. त्यांची डोकी ड्रिलनं उडवली की बॉडी, काच, आतल्या सीट आणि तळपत्रा वेगळे होतात. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. जुना रंग काढा, प्रायमर मारा आणि नवा रंग पातळ हातांनी चढवा. हा पातळपणा फार मोलाचा. 1:64 प्रमाणात 0.1 मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ साडेसहा मिलिमीटरचा लेप! दारांच्या फटी, दिवे, जाळी सगळं त्यात बुजून जातं.

गंजकी गाडी हवी? आधी तपकिरी रंग द्या. तो वाळला की पाणी फवारून मिठाचे खडे भुरभुरा आणि सुकू द्या. वरून निळा किंवा हिरवा रंग मारा. तोही वाळला की मीठ खरवडून काढा. खाली पोपडे उडालेला, वर्षानुवर्षं पावसात भिजलेला पत्रा दिसेल. कडांवर 6बी पेन्सिल घासली, तर रंग उडून उघडा पडलेला धातू चमकतो.

जस्ताचा आजार
खेळण्यातल्या धातूच्या गाड्या बहुतेकदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘डिंकी’ या ब्रँडच्या काही खेळण्यातल्या गाड्यांच्या धातूत शिशाची भेसळ राहून गेली. त्या आतून फुगतात, तडकतात आणि शेवटी भुगा होतात. दमट हवेत हा आजार झपाट्यानं वाढतो. तेव्हा कोकणात किंवा मुंबईत जुना संग्रह असेल, तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाच.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पुढच्या वेळी चक्कर माराल, तेव्हा बंद पडलेला कॅमेरा, तुटका मिक्सर, चाक निखळलेली गाडी जरा हातात घेऊन फिरवून बघा. ही कला शिकायला महागडी अवजारं लागत नाहीत. वस्तू पहिल्या कामाची उरली नाही म्हणजे ती संपली, असं न मानणारं मन तेवढं हवं.