हिरव्या पाण्यातला कार्बन

केळव्याच्या वाड्यांत, तळ्याकाठी उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं आणि आपण शेवाळ म्हणून पुढे जातो. त्या हिरव्यात बऱ्याचदा सायनोबॅक्टेरिया असतात, ऊन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांवर जगणारे सूक्ष्मजीव. असाच एक जीव आयआयटी मुंबईतल्या प्रमोद वांगीकर यांच्या गटाला पवई तलावात मिळाला. ‘सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी 11801’ हे त्याचं नाव, 2018 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. 41 अंश तापमानात, साध्या हवेवर तो 2.3 तासांत दुप्पट होतो. त्याच्या जातकुळीत हा वेग फार मोठा.

अशा जीवाकडून हवं ते रसायन करून घ्यायचं, तर आत गेलेला कार्बन कुठल्या वाटेने किती जातो हे कळायला हवं. पेशीतल्या शेकडो अभिक्रियांचा नकाशा संगणकावर मांडता येतो; पण त्यात बसणारी उत्तरं असंख्य निघतात. खरं कोणतं, हे नुसतं गणित सांगत नाही. आणि पेशीतला प्रवाह थेट मोजणारं यंत्रही नाही.

म्हणून कार्बन-13 वापरतात. तो नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड. त्यापासूनचं बायकार्बोनेट वाढत्या जीवांना द्यायचं, पहिल्या काही सेकंदांपासून नमुने काढायचे आणि प्रत्येक नमुन्यातल्या अभिक्रिया तिथल्या तिथे थांबवायच्या. घाईला कारण आहे. या जीवाला कार्बन मिळतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांतून. थोडा वेळ गेला की पेशीतला सगळाच कार्बन जड होतो आणि कुठल्या रेणूत तो आधी पोचला, कुठल्या नंतर, हे शोधायला काही उरत नाही. जे कळायचं ते सुरुवातीलाच कळतं. कुठल्या रेणूत किती जड कार्बन आला हे मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो, संगणक प्रवाहांचे आकडे बदलत त्या मोजमापांशी मेळ घालतो. मेळ बसलाच नाही, तर नकाशाच पुन्हा तपासावा लागतो. या पद्धतीचं खरं मोल मला इथे वाटतं.

याच जीवाच्या जनुकांत बदल करून वांगीकरांच्या गटाने त्याच्याकडून सक्सिनिक आम्ल बनवून घेतलं. एरवी ते बरंचसं खनिज तेलापासून तयार होतं. कारखान्यापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. पण बोईसर-तारापूरच्या रासायनिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी ही गोष्ट परकी मानू नये. पालघर-बोईसरच्या प्राध्यापकांना एकच विनंती: सूक्ष्मजीवशास्त्राची आणि संगणकशास्त्राची मुलं एका प्रकल्पावर एकत्र बसवा, आणि पहिला नमुना गावातल्या तळ्याचाच घ्या.