उद्योगांचे स्थलांतर आणि करसवलतींचा हिशेब : बडोदे-हालोल परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन या कंपन्यांनी सेमीकंडक्टर प्रकल्पासाठी गुजरात सरकारशी करार केला. हा प्रकल्प पुण्याजवळ तळेगाव येथे येईल अशी महाराष्ट्रात अपेक्षा होती. पुढच्याच महिन्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याची कोनशिला बडोद्यात (आजचे वडोदरा) बसविण्यात आली. हा प्रकल्प नागपूरला मिळावा असाही आग्रह महाराष्ट्रात धरला गेला होता. या दोन घटनांमुळे 'उद्योग पळविले' आणि 'उद्योग आणले' असे शब्द दोन्ही राज्यांच्या राजकारणात रूढ झाले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने वेदांताबरोबरच्या भागीदारीतून अंग काढून घेतले. ज्या प्रकल्पावरून एवढा वाद झाला, तो ठरलेल्या स्वरूपात कोठेच उभा राहिला नाही.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी भाषकांच्या दृष्टीने हा वाद जरा अवघड आहे. त्यांची भाषा एका राज्याची आणि रोजीरोटी दुसऱ्या राज्यातील. त्यामुळे कोण जिंकले व कोण हरले यापेक्षा एक वेगळा प्रश्न आपल्यापुढे येतो. उद्योगाला बोलाविण्यासाठी सरकार जी सवलत देते तिची किंमत कोण भरतो, आणि तिच्या बदल्यात परिसराला काय मिळते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बडोदे व हालोल परिसराच्या आधारे केला आहे.

सवलत म्हणजे नेमके काय?

सवलत, माफी, मुदत, महसूल हे मराठीतील नित्याचे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आहेत. उर्दूतील 'सहूलत' म्हणजे सोय, सुलभता. 'महसूल' म्हणजे हाती आलेले, गोळा झालेले. शब्दांचे हे मूळ ध्यानात घेतले तर व्यवहारही स्पष्ट होतो. एकाची सोय ही दुसऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेतून केलेली वजावट असते.

करसवलतीचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार करमाफीचा होय. ठरावीक वर्षे त्या मालावर विक्रीकर आकारलाच जात नाही. दुसरा प्रकार कर लांबणीवर टाकण्याचा. यात कारखानदार ग्राहकाकडून कर घेतो, परंतु तो सरकारजमा न करता काही वर्षे स्वतःकडे ठेवतो व नंतर बिनव्याजी भरतो. तिसरा प्रकार परताव्याचा. यात कर आधी भरला जातो आणि त्यातील काही भाग सरकार परत देते.

यांपैकी दुसरा प्रकार वरवर निरुपद्रवी वाटतो, कारण कर शेवटी भरला जातोच. परंतु हिशेब करून पाहावा. समजा, १०० रुपयांचा कर दहा वर्षांनी भरावयाचा आहे आणि बाजारातील व्याजाचा दर १० टक्के आहे. अशा वेळी दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य केवळ ३८ ते ३९ रुपये ठरते. उरलेले सुमारे ६१ रुपये ही प्रत्यक्ष मदतच होय. ती अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, एवढाच काय तो फरक. शाळा, दवाखाना किंवा रस्ता यांवरील खर्चाची चर्चा विधानसभेत होते. न आलेल्या कराची चर्चा सहसा होत नाही.

बडोद्याची जुनी पायाभरणी

बडोदे औद्योगिक शहर झाले ते सवलतींच्या बळावर, असा एक समज आहे. इतिहास पाहता तो अपुरा वाटतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे तिचे शिल्पकार. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही तेथेच शिक्षण घेतले. याच गज्जरांचा १९०७ मध्ये स्थापन झालेल्या अलेम्बिक या रासायनिक व औषधी उद्योगाच्या उभारणीत वाटा होता. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. शिक्षण, भांडवल व कारखाना या तिन्ही गोष्टी दोन दशकांच्या आत एका शहरात उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाली.

पुढे अंकलेश्वरला खनिज तेल सापडले. १९६५ मध्ये कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ खत कारखाना व पेट्रोरसायन उद्योग आले. हे उद्योग येथे आले ते तेल, रेल्वे, मनुष्यबळ व सरकारी भांडवल यांच्या आधारे. कच्चा माल आणि शिकलेली माणसे ही त्यामागची खरी कारणे होती. करसवलत हे त्यांतील मुख्य कारण नव्हे.

हालोल आणि तळेगाव : एक बोलके उदाहरण

बडोद्यापासून सुमारे ४० ते ४५ किलोमीटरवर हालोल आहे. ते पंचमहाल या औद्योगिकदृष्ट्या मागास मानल्या गेलेल्या जिल्ह्यात येते. साहजिकच अशा भागातील कारखान्यांना जादा सवलती देण्याचे धोरण होते. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९९६ पासून येथे मोटारींचे उत्पादन सुरू केले. या कारखान्याने बडोद्याच्या आसपास सुटे भाग, वाहतूक व सेवा यांचा एक छोटा परिवारच निर्माण केला.

सन २००८ मध्ये त्याच कंपनीने महाराष्ट्रात तळेगाव येथे दुसरा कारखाना उघडला. जुलै २०१५ मध्ये हालोल बंद करून सर्व उत्पादन तळेगावला एकवटण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. म्हणजे त्या वेळी उद्योग गुजरातमधून महाराष्ट्रात गेला. एप्रिल २०१७ मध्ये हालोलचे उत्पादन थांबले. पुढच्याच महिन्यात कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचे ठरविले, आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. तेथील हजाराहून अधिक कामगारांना दीर्घकाळ कायदेशीर लढा द्यावा लागला.

यानंतरचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. हालोलचा कारखाना चीनच्या सैक समूहाने घेतला आणि २०१९ मध्ये एमजी या नावाने तेथे पुन्हा मोटारी तयार होऊ लागल्या. तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला. तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला. कंपनी गेली तरी इमारत, वीज, रस्ता, सुटे भाग पुरविणारे छोटे कारखानदार आणि काम जाणणारे हात मागे उरले. त्यांच्यामुळेच नवा मालक आला. सवलत घेणारा गेला. क्षमता मात्र जागेवर राहिली.

तथापि या मधल्या काळाची किंमत कामगारांनी मोजली हे विसरता येणार नाही. यंत्रांना दोन वर्षे थांबता येते, पण मुलांच्या शाळेची फी व घराचा हप्ता थांबत नाही. नवा मालक आला म्हणजे जुना कामगार पुन्हा कामावर आला असे होत नाही.

राज्याराज्यांतील चढाओढ

महाराष्ट्राने १९६४ पासूनच मागास भागांतील उद्योगांसाठी एकत्रित प्रोत्साहन योजना सुरू केली होती. तिचा मूळ हेतू मुंबई-ठाण्यातील गर्दी कमी करणे हा होता. नंतर प्रत्येक राज्य अशी योजना आणू लागले आणि मागास भागाचा विकास हा हेतू मागे पडून शेजारी राज्यावर मात करणे हाच हेतू झाला. अखेर नोव्हेंबर १९९९ मध्ये राज्यांनी एकत्र बसून विक्रीकराचे किमान दर ठरविले व १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावर आधारित नव्या सवलती थांबविण्याचे मान्य केले. परंतु सवलती वेगळ्या नावांनी चालूच राहिल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांचा नॅनो प्रकल्प पश्चिम बंगालमधील सिंगूरहून साणंदला आला तेव्हा ०.१ टक्का व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज देण्याचे गुजरात सरकारने मान्य केले. २०१० मध्ये कारखाना सुरू झाला. नॅनो ही गाडी काही वर्षांनी बाजारातून गेली, कारखाना मात्र दुसऱ्या गाड्या बनवीत राहिला.

सवलतीमुळेच उद्योग आला हे सिद्ध करणे कठीण असते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी केवळ २ ते २५ टक्के कंपन्यांचा निर्णय सवलतीमुळे फिरला असावा. बाकीच्या कंपन्या तशाही तेथेच आल्या असत्या. अमेरिकेतील बोइंग कंपनीने २००१ मध्ये सवलती स्वीकारून आपले मुख्यालय सिॲटलहून शिकागोला नेले आणि २०२२ मध्ये तेथूनही हलविण्याचे जाहीर केले. मुख्यालयाचे स्थलांतर तर कारखान्यापेक्षाही सोपे असते. बँक ऑफ बडोदाचे मूळ कार्यालय आजही बडोद्यात आहे, परंतु तिचा कारभार मुंबईतील कॉर्पोरेट केंद्रातून चालतो. यामागे कोणतीही करसवलत नाही. जेथे भांडवलाचा बाजार, तेथे बँकेचा कारभार, एवढेच.

वस्तू व सेवा करानंतरचे चित्र

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि या हिशेबाचे स्वरूपच बदलले. पूर्वी माल परराज्यात विकला तरी केंद्रीय विक्रीकराचे उत्पन्न उत्पादक राज्याला मिळत असे. आता कर जेथे वस्तू वापरली जाते त्या राज्याला मिळतो. हालोलला तयार झालेली मोटार पुण्यात विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला मिळतो. म्हणजे कारखाना असणे आणि कराचे उत्पन्न मिळणे यांचा थेट संबंध सैल झाला. म्हणूनच गुजरातने २०२० च्या औद्योगिक धोरणात मोठ्या उद्योगांचे साहाय्य या करापासून वेगळे केले व ते स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या प्रमाणात देण्याचे ठरविले.

यातून एक निष्कर्ष निघतो. आता कारखाना आणून राज्याला जे मिळावयाचे ते प्रामुख्याने रोजगार, कौशल्य आणि पूरक उद्योग या रूपानेच मिळणार. तिजोरीत पैसा येईल हे जुने समर्थन लंगडे झाले आहे. त्यामुळे रोजगार किती, कोणत्या प्रतीचा आणि कोणाला, हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

रोजगार कोणाला?

गुजरात सरकारच्या १९९५ च्या ठरावाने ८५ टक्के कामगार व ६० टक्के पर्यवेक्षक-व्यवस्थापक स्थानिक असावेत अशी अपेक्षा ठेवली. महाराष्ट्रातही सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी ८० टक्क्यांचे धोरण आहे. नियम चांगले आहेत. पण विमानाच्या सांगाड्याची जोडणी करणारा तंत्रज्ञ स्थानिकांत नसेल तर कोणताही ठराव त्याला घडवू शकत नाही. शिवाय स्थानिक म्हणून मोजलेला माणूस कायम नोकरीत आहे की कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, हेही पाहिले पाहिजे.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी बडोद्यात विमान जुळणी कारखान्याचे उद्घाटन झाले. करारातील ५६ विमानांपैकी ४० विमाने येथे बांधावयाची आहेत. अशा कामाला अचूक मोजमाप, इंग्रजीतील तांत्रिक सूचना वाचण्याची सवय आणि दीर्घ प्रशिक्षण लागते. हालोलला २०२१ मध्ये महिलांच्या चमूने एमजीची पन्नास हजारावी हेक्टर मोटार तयार केली. कारखान्याचे दार मुलींसाठीही उघडले आहे, याची ही खूण होय. मात्र मुलगी दहावीनंतर शाळेबाहेर पडली, तिच्यासाठी प्रवासाची व वसतिगृहाची सोय नसली, तर ते दार तिच्यासाठी बंदच राहते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, करसवलत ही सार्वजनिक पैशातून दिलेली मदत आहे. तिची रक्कम, मुदत आणि अटी दरवर्षी लोकांपुढे आल्या पाहिजेत. दोन, ठरलेला रोजगार निर्माण झाला नाही किंवा मुदतीपूर्वी कारखाना बंद झाला, तर सवलतीचा काही भाग परत घेण्याची व त्यातून कामगारांना आधार देण्याची तरतूद करारातच असावी. तीन, सवलतीपेक्षा शिक्षण व पायाभूत सोयींवर केलेला खर्च अधिक टिकतो, कारण कंपनी निघून गेली तरी तो त्या परिसरातच राहतो.

शिक्षणसंस्थांनी यातून आपले काम ओळखावे. औद्योगिक प्रशिक्षण, तांत्रिक भाषा, गणित आणि मुलींचे उच्च माध्यमिक शिक्षण यांवर भर देणे आपल्या हाती आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कारखान्यातील सूचनापत्रकाची भाषा शिकविणे हे भाषाशिक्षकाचेही काम आहे. कोणती कंपनी कोठे जाईल हे मुंबई, दिल्ली किंवा परदेशातील कार्यालयांत ठरते. ती आल्यावर आपली मुले-मुली कामाच्या टेबलाशी असतील की फाटकाबाहेर, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या वर्गांत ठरते. कलाभवन आधी उभे राहिले आणि अलेम्बिक नंतर, हा क्रम बडोद्याच्या इतिहासाने आपल्यापुढे ठेवला आहे. तोच क्रम आजही योग्य आहे.