चुकीच्या पत्त्यावरची पत्रे : जपानी पडद्यावरचे हरवलेले पहिले प्रेम

जपानी चित्रपटांत पहिले प्रेम सहसा तडीला जात नाही आणि त्या प्रेमातले पत्र सहसा ज्याचे त्याला मिळत नाही. ते कुणा तिसऱ्याच्या हाती पडते, उशिरा सापडते, वाटेत हरवते किंवा लिहिणाराच भलता निघतो. शुन्जी इवाई यांचा १९९५ सालचा ‘लव्ह लेटर’ हा या घराण्यातला सर्वांत गाजलेला चित्रपट; मात्र त्याच्या आधी चाळीस वर्षे ही वाट पडलेली होती आणि त्याच्यानंतरही ती वाहती राहिली.

या वाटेची सुरुवात १९५३ सालच्या ‘कोइबुमी’पासून मानता येते. ‘कोइबुमी’ म्हणजे प्रेमपत्र. दिग्दर्शक मिझोगुचींच्या चित्रपटांतून गाजलेल्या अभिनेत्री किनुयो तानाका यांचे हे दिग्दर्शनातले पदार्पण. स्त्री-दिग्दर्शक ही त्या काळच्या जपानी चित्रसृष्टीत जवळजवळ न पाहिलेली गोष्ट होती आणि खुद्द मिझोगुचींचाही तानाकांनी दिग्दर्शन करण्याला विरोध होता. फुमिओ निवा यांच्या कादंबरीवरून पटकथा लिहिली केइसुके किनोशिता यांनी. युद्ध हरलेले तोक्यो, शिबुयातली एक अरुंद गल्ली आणि तिथे पत्रे लिहून देण्याचे दुकान. मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांना त्यांच्या जपानी मैत्रिणी इथून इंग्रजीत पत्रे लिहून घेतात. कुणाला पैसे हवे असतात, कुणाला नुसती खुशाली. नायक रेइकिची नौदलातून परतलेला, इंग्रजी जाणणारा. पोटासाठी तो परक्यांची प्रेमपत्रे लिहितो आणि उरलेल्या वेळात आपल्या हरवलेल्या पहिल्या प्रेमाचा, मिचिकोचा, गर्दीत शोध घेतो. एक दिवस पत्र लिहून घ्यायला आलेल्या बाईचा आवाज त्याच्या कानी पडतो. तो मिचिकोचाच असतो. पुढचा चित्रपट रेइकिचीच्या सोवळेपणाची झडती घेतो. उपासमारीच्या दिवसांत ती कशी जगली हे न विचारता तो तिला दोष देत सुटतो आणि तानाका त्याची गय करत नाहीत. शिबुयातली ती गल्ली ‘कोइबुमी योकोचो’, म्हणजे प्रेमपत्रांची गल्ली, याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९५४ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, किनोशितांनी साचिओ इतो यांच्या १९०६ सालच्या लघुकादंबरीवर चित्रपट केला. रानशेवंतीसारखी एक मुलगी, तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला मावळत्या बालपणातला तिचा भाऊबंद आणि दोघांना दूर करणारे घर, एवढीच गोष्ट. मुलीचे लग्न दुसरीकडे लावून दिले जाते आणि ती लवकरच मरते. तेव्हा तिच्या मुठीत त्या मुलाचे पत्र सापडते. पत्र इथे पोचलेले आहे, पण कळायला हवे होते त्या घरच्यांना ते कळते तिच्या मरणानंतर. म्हातारपणी गावी परतलेल्या नायकाच्या आठवणींतून ही कथा उलगडते आणि आठवणींचा सगळा भाग किनोशितांनी जुन्या फोटोसारख्या अंडाकृती पांढऱ्या चौकटीत दाखवला आहे. आज ती युक्ती थोडी बटबटीत वाटते. रडवण्याची ताकद मात्र गेलेली नाही.

‘लव्ह लेटर’कडे यायचे तर आधी इवाई यांची पार्श्वभूमी पाहावी लागते. १९६३ मध्ये सेंदाई इथे जन्मलेले इवाई म्युझिक व्हिडिओ आणि दूरचित्रवाणीवरची नाट्ये करत वर आले. १९९३ सालच्या, शाळकरी मुले आणि आतषबाजी यांवरच्या एका छोट्या टीव्ही नाट्याने त्यांचे नाव झाले. ‘लव्ह लेटर’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. कथा, पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन त्यांचेच. छायाचित्रण नोबोरू शिनोदा यांचे, संगीत रेमेडिओस यांचे. मुख्य भूमिकेत मिहो नाकायामा, म्हणजे ऐंशीच्या दशकातली लोकप्रिय गायिका आणि टीव्हीवरची तारका. तिच्याकडून दुहेरी भूमिका करून घेण्याचे धाडस नवख्या दिग्दर्शकाने केले आणि सगळा चित्रपट त्यावर उभा आहे.

गोष्ट कोबे शहरात सुरू होते. हिरोको वातानाबेचा नियोजित वर इत्सुकी फुजी डोंगरावर अपघातात गेला त्याला दोन वर्षे झाली आहेत. स्मृतिदिनाचा विधी आटोपल्यावर त्याच्या घरी तिला त्याचे शाळेचे जुने वार्षिक दिसते आणि त्यात ओतारू या गावचा त्याचा पत्ता. ती तो हातावर लिहून घेते. ते घर रस्त्यासाठी केव्हाच पाडले गेले, असे त्याच्या आईने सांगितलेले असते. म्हणूनच ती निर्धास्तपणे त्या पत्त्यावर पत्र टाकते. मजकूर दोन ओळींचा : तुझी खुशाली विचारते, मी बरी आहे. मेलेल्या माणसाला, नसलेल्या घरी लिहिलेले पत्र. आणि उत्तर येते.

उत्तर देणारीचे नावही इत्सुकी फुजी. आपल्याकडच्या किरण किंवा सुहाससारखे ‘इत्सुकी’ हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही. वार्षिकातला पत्ता या मुलीचा होता, कारण दोघे एकाच वर्गात होते. ती आता ओतारूच्या ग्रंथालयात काम करते, सर्दीने बेजार आहे आणि दिसायला हुबेहूब हिरोकोसारखी आहे. हिरोको हाताने लिहिते, इत्सुकी वर्डप्रोसेसरवर टंकून उत्तर पाठवते. मृत इत्सुकीच्या शाळेतल्या आठवणी सांग, अशी विनंती हिरोको करते आणि तिथून पत्रांचा रोख बदलतो.

आठवणी बहुतेक त्रासाच्या आहेत. एकाच नावामुळे वर्गाने केलेली चिडवाचिडवी, मुद्दाम मते देऊन दोघांना ग्रंथालय समितीवर निवडून देणे, इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांची अदलाबदल. उत्तरपत्रिका तपासायला अंधारात सायकलचे पेडल हाताने फिरवून दिवा पेटवायचा आणि मुलाने मात्र वेळ लावत बसायचे, हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत मोहक. ग्रंथालयात हा मुलगा काम करत नाही. खिडकीशी, उडणाऱ्या पडद्याआड वाचत उभा राहतो. कुणीच नेत नाही अशी पुस्तके तो स्वतःच्या नावावर काढतो, म्हणजे मागच्या कार्डावर ‘इत्सुकी फुजी’ हे एकटेच नाव राहते. सांगणारीला हा खोडसाळपणा वाटतो. वाचणाऱ्या हिरोकोला आणि प्रेक्षकाला हळूहळू शंका येऊ लागते की ते नाव त्याचे नव्हतेच, तिचे होते.

चित्रपटाचे खरे कौशल्य इथे आहे. हिरोकोने प्रियकराचा शोध घेण्यासाठी पत्रव्यवहार मांडला. त्यातून सापडले ते दुसऱ्याच बाईचे पहिले प्रेम आणि तेही त्या बाईला ठाऊक नसलेले. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे चेहऱ्यातले साम्य. हिरोकोला पाहताक्षणी तो तिच्या प्रेमात का पडला, याचे एक उत्तर तिच्यासमोर येते आणि ते तिला नको असते. मृताच्या आईशी बोलताना हे दुःख ती उघड करते, पण चित्रपट त्याचा निकाल देत नाही. हिरोकोवर प्रेम करणारा काचकारागीर आकिबा तिला त्या डोंगरासमोर घेऊन जातो. पहाटेच्या बर्फात ती मोठ्याने पत्रातलाच मजकूर ओरडून विचारते. या दृश्यावर भावनाविवशतेचा आरोप होतो आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु इवाई त्याच वेळी इस्पितळात पडलेल्या इत्सुकीकडे कट करतात आणि दोन बायका एकाच मजकुराने जोडल्या जातात. आकिबाची व्यक्तिरेखा मात्र पातळ राहिली आहे. एत्सुशी तोयोकावा यांच्या कान्साई बोलीतल्या मिश्कील बोलण्याने ती तरते, इतकेच.

प्रेमकथेखाली एक मृत्यूची कथाही वाहते आणि आढाव्यांत ती बरेचदा सुटते. इत्सुकीचे वडील साध्या सर्दीतून न्यूमोनिया होऊन गेले. म्हणून ती दवाखाना टाळते. तिला ताप चढतो तेव्हा बाहेर हिमवादळ असते. रुग्णवाहिकेची वाट पाहायची की नाही, यावरून आई आणि आजोबांत वाद होतो आणि म्हातारे आजोबा नातीला पाठीवर घेऊन बर्फात निघतात. वडील गेल्यानंतर घर सुतकात असताना तो मुलगा दारात येऊन एक पुस्तक ‘ग्रंथालयात परत कर’ म्हणून देऊन गेला होता. शाळा सुरू झाल्यावर कळते की तो गाव सोडून गेला. त्याच्या बाकावर कुणीतरी थट्टेने फुलदाणी ठेवली आहे. जपानी शाळेत मेलेल्या विद्यार्थ्याच्या बाकावर फुले ठेवतात. ती फुलदाणी इत्सुकी आपटून फोडते. तिने का फोडली हे तिलाही तेव्हा उमगलेले नाही.

ते पुस्तक प्रूस्तच्या हरवलेल्या काळाच्या शोधाविषयीच्या महाकादंबरीचा एक खंड. निवड थोडी जास्तच सूचक आहे, हे मान्य करावे लागेल. शेवटी शाळेच्या ग्रंथालयातल्या मुली तेच पुस्तक घेऊन तिच्या दारात येतात. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलने काढलेले तिचे चित्र असते. ती लाजून कार्ड खिशात टाकू पाहते, तर अंगातल्या कपड्यांना खिसाच नसतो. हिरोकोने तोवर सगळी पत्रे तिला परत पाठवलेली असतात, कारण त्या आठवणी हिच्या आहेत.

ग्रंथालयाच्या कार्डावरून जुळणारे प्रेम हा त्या वर्षीचा योगायोगच म्हणावा लागेल. १९९५ च्या जुलैत आलेल्या, योशिफुमी कोंदो यांनी घिबली स्टुडिओसाठी केलेल्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या अ‍ॅनिमेशनपटातही नायिकेला प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर एकाच मुलाचे नाव भेटते. त्या चित्रपटात ग्रंथालये बारकोडकडे वळत असल्याचा उल्लेखही आहे. वाचकांची नावे उघड ठेवणारी कार्डे जपानमधून तेव्हा नाहीशी होऊ लागली होती आणि दोन्ही चित्रपटांनी ती जाता जाता टिपली.

‘लव्ह लेटर’ २५ मार्च १९९५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी दोन महिने, १७ जानेवारीला, कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केले होते. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. प्रदर्शनाच्या पाच दिवस आधी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला होता. चित्रपटाचा या घटनांशी काही संबंध नाही, चित्रीकरण आधीच झाले होते. तरीही मृतांना पत्र लिहिणारी कोबेची मुलगी त्या वसंतात जपानी प्रेक्षकाला निव्वळ काल्पनिक वाटली नसावी. ‘किनेमा जुंपो’ या मान्यवर नियतकालिकाच्या वार्षिक यादीत त्याला तिसरे स्थान मिळाले.

पडद्यावरचे कोबेदेखील बरेचसे ओतारूतच चित्रित झाले आहे. होक्काइदो बेटावरचे हे बंदर हेरिंग मासळी आणि कोळशाच्या व्यापारावर वाढले, नंतर मंदावले आणि कालवा, दगडी गोदामे व काचकामावर पुन्हा उभे राहिले. सुरुवातीचे बर्फातले दृश्य तेंगुयामा डोंगरावरचे. इत्सुकीचे ग्रंथालय म्हणून दिसते ती १९०६ सालची निप्पोन युसेन जहाज कंपनीची इमारत. तिचे घर म्हणून वापरलेली झेनिबाकोची जुनी वास्तू २००७ मध्ये आगीत जळाली.

चित्रपटाला सर्वांत मोठे दुसरे घर मिळाले दक्षिण कोरियात. तिथे जपानी चित्रपटांवर दीर्घकाळ बंदी होती. १९९८ मध्ये किम दे-जुंग यांच्या सरकारने ती टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. तोवर ‘लव्ह लेटर’च्या चोरट्या प्रती विद्यार्थ्यांत फिरत होत्याच, तरीही १९९९ च्या नोव्हेंबरात तो अधिकृतपणे लागला तेव्हा दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. डोंगरासमोरच्या त्या हाकेचे जपानी शब्द जपानी न येणाऱ्या कोरियनांनाही पाठ झाले आणि ओतारूला कोरियन पर्यटकांची रीघ लागली. दोन दशकांनी त्याची परतफेड झाली. इम दे-ह्योंग यांच्या २०१९ सालच्या ‘मूनलिट विंटर’मध्ये एका कोरियन आईला ओतारूहून तिच्या पहिल्या प्रेमाचे पत्र येते, ते आधी मुलगी उघडते आणि आईला घेऊन बर्फात ओतारू गाठते. हे पहिले प्रेम एक स्त्री आहे. इवाईंच्या चित्रपटाला वाहिलेल्या मानवंदनांपैकी ही सर्वांत समंजस.

जपानमध्ये वारसा पुढे नेला तो इवाईंच्याच सहायकाने. इसाओ युकिसादा ‘लव्ह लेटर’चे सहायक दिग्दर्शक होते. २००४ मध्ये त्यांनी क्योइची कातायामा यांच्या तुफान खपलेल्या कादंबरीवर ‘क्रायिंग आउट लव्ह इन द सेंटर ऑफ द वर्ल्ड’ केला. इथे पत्रांची जागा कॅसेटनी घेतली आहे आणि रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलीची शेवटची कॅसेट पोचवणाऱ्या लहान मुलीच्या हातून पोचत नाही. छायाचित्रण पुन्हा शिनोदांचेच. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. चित्रपटाने पैसा अमाप मिळवला, पण लेखणीची जागा आवाजाने घेतल्यावर वाचकाने ओळींमधले ओळखायचे काम उरत नाही, ते सगळे ऐकवले जाते. माकोतो शिनकाई यांचा २००७ सालचा ‘फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड’ हा अ‍ॅनिमेशनपट एका तासात याहून अधिक साधतो. हिमवृष्टीत रखडलेल्या गाडीने मैत्रिणीला भेटायला निघालेल्या मुलाचे पत्र फलाटावर वाऱ्याने उडून जाते. तिनेही लिहिलेले असते, तेही ती देत नाही.

इवाई स्वतः या विषयाकडे परतले ते ‘लास्ट लेटर’मध्ये. २०१८ मध्ये चिनी भाषेत आणि २०२० मध्ये जपानीत त्यांनी एकच कथा दोनदा केली. जपानी आवृत्ती त्यांच्या जन्मप्रांतात, मियागीत घडते. मिसाकी मेल्याची बातमी द्यायला धाकटी बहीण युरी शाळेच्या स्नेहमेळाव्याला जाते आणि तिलाच लोक मिसाकी समजतात. मिसाकीवर जीव टाकणारा आणि एकच कादंबरी लिहून थांबलेला लेखक तिला संदेश पाठवतो, नवरा संतापून तिचा फोन बिघडवून टाकतो आणि म्हणून युरी बहिणीच्या नावाने पत्रे लिहू लागते. लेखकाची उत्तरे जातात जुन्या घरी, मिसाकीच्या मुलीकडे. शाळेत असताना त्याने मिसाकीसाठी दिलेली पत्रे याच युरीने दडवली होती. मोबाइलच्या काळात पत्राला जागा करून द्यायला इतकी कारागिरी लागते, हे खुद्द चित्रपटातच दिसते आणि जुन्या चित्रपटातली सहजता इथे नाही. सर्वांत धारदार योजना पात्रनिवडीत आहे. ‘लव्ह लेटर’ची जोडी, नाकायामा आणि तोयोकावा, इथे एका कोंदट खोलीत राहणारे थकलेले जोडपे म्हणून येते, तोयोकावा साकारतात तो मिसाकीला छळणारा तिचा पूर्वीचा नवरा. आपल्याच चित्रपटाच्या गोडव्यावर इवाईंनी ओढलेला हा कोरडा शेरा आहे.

मिहो नाकायामा यांचे ६ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘लव्ह लेटर’ कोरियात आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या ४के प्रतीत जपानमध्ये पुन्हा लागला. या परंपरेतला एकच चित्रपट पाहायचा असेल तर तोच पाहावा. दोन पाहायला सवड असेल, तर दुसरा तानाकांचा ‘कोइबुमी’ असावा : इवाईंच्या चित्रपटात कुणालाच भोगावी न लागलेली भूक आणि बदनामी त्यात आहे.